युरियाची थैली फोडण्याआधी पान वाचा

जुलैत पाच दिवस झड लागली आणि सहाव्या दिवशी सकाळीच भाचा दारात हजर. पुण्याची नोकरी सोडून त्यानं मागच्या वर्षापासून वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीकडचं आमचं वावर करायला घेतलंय.

"मावशी, सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. युरिया फेकू का?"

"आधी वावरात चाल. पाय किती रुतते ते पाहू."

घोट्याच्या वर रुतला. थैली घरातच राहिली. आम्ही दोघांनी फावडी घेतली आणि उताराच्या धुऱ्याकडे दोन चर काढून तुंबलेलं पाणी बाहेर सोडलं. मग उघाड मिळाली आणि आठवड्याभरात शेंड्याची नवी पानं हिरवी यायला लागली. खताचा एक दाणाही पडला नव्हता.

"मग ते हिरवं झालं कशानं?" त्याच्या या प्रश्नातून हा लेख निघाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी कित्येक वर्षं विज्ञान शिकवलं. प्रकाशसंश्लेषणाची आकृती फळ्यावर इतक्यांदा काढली की डोळे मिटूनही काढता यावी. पण ती आकृती वावरात कुठं दिसते, हे मला निवृत्तीनंतर स्वतः शेतीत उतरल्यावरच कळलं. नव्यानं शेती करायला आलेल्यांनी खालच्या पायऱ्या क्रमानं कराव्यात. वाचून सोडू नका, दुसरी पायरी तर हातानंच करा. खर्च वीस-तीस रुपये आहे.

पहिली पायरी : पिकाचं वजन येतं कुठून, ते चुलीत पाहा

वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, पाच किलो तोला आणि चुलीत जाळा. राख गार झाली की तीही तोला. पाव किलोच्या आसपास भरेल, कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त. जमिनीतून पिकानं घेतलेली खनिजं म्हणजे ढोबळमानानं ही राख. त्यात धुरावाटे उडून गेलेला थोडा नत्र, म्हणजे युरियातला नायट्रोजन, मिळवायचा. बाकीच्या साडेचार किलोंहून जास्त वजनाचा माल हवेतून आणि पाण्यातून आलेला होता.

हा हिशेब माणसाला फार उशिरा कळला. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या एका वैद्यानं सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरली, तिच्यात विलोचं सव्वादोन किलोंचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७६ किलोंचं आणि माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. त्यानं निष्कर्ष काढला, झाड पाण्याचं बनतं. अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं म्हणजे हवा, ती त्याच्या ध्यानात आली नाही. पुढं १७७१ मध्ये प्रीस्टलीला दिसलं की मेणबत्तीनं 'बिघडवलेली' हवा पुदिन्याचं रोप सुधारतं. १७७९ मध्ये इंगेनहाउझनं दाखवलं की हे काम फक्त झाडाचे हिरवे भाग करतात, आणि तेही उजेडातच.

आज हे सगळं एका वाक्यात सांगता येतं. मुळांतून आलेलं पाणी आणि पानाच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आत शिरलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून पान उन्हाच्या बळावर साखर करतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. त्या साखरेचंच पुढं स्टार्च, सरकीतलं तेल, तुरीतलं प्रथिन आणि बोंडातला धागा होतो. कापसाचा धागा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेचे कण एकमेकांना जोडून केलेली लांबच लांब माळ. म्हणून आपण बाजारात कापूस विकतो, तेव्हा खरं तर हवा, पाणी आणि ऊन विकतो. भाव मात्र त्यांचा आपल्या हातात नसतो, ते सोडा.

हे काम पानात दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य उजेड पकडतं आणि त्या जोरावर पाणी फुटतं. बाहेर पडणारा ऑक्सिजन या पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. इथं तयार झालेली ऊर्जा दुसऱ्या टप्प्याला मिळते. या टप्प्यात रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) हवेतला कार्बन पकडतं आणि एका चक्रातून साखर घडते. या चक्राचा माग काढल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकं दुसऱ्या टप्प्याला 'अंधारी अभिक्रिया' म्हणतात आणि मुलं रात्री चालणारी अभिक्रिया असं पाठ करतात. ती रात्री चालत नाही. तिला थेट उजेड लागत नाही एवढंच, पण उजेडात तयार झालेला माल लागतो, म्हणून तीही दिवसाच चालते.

हातासरशी पिंपळाचंही सांगून टाकते. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो हे आमच्या गावातल्या पारावर रोज ऐकायला मिळतं. ऑक्सिजन येतो पाणी फुटून, आणि पाणी फोडायला ऊन लागतं. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. कोरफड आणि निवडुंग छिद्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, पण ऑक्सिजन तेही दिवसाच सोडतात. पिंपळाच्या सावलीत दुपारी बसा, ती खरी आहे.

दुसरी पायरी : पालकाच्या चकत्यांचा प्रयोग करा

शाळेत आयोडीनचा प्रयोग करायचो. पान स्पिरिटमध्ये उकळायचं, मग आयोडीन टाकायचं, की स्टार्चमुळं निळं-काळं होतं. घरी तो करू नका. स्पिरिट पेट घेतं आणि त्या प्रयोगात वेगही कळत नाही. त्यापेक्षा हा बरा.

सामान एवढंच : पालकाची ताजी पानं, सुई काढलेली दहा मिलिलिटरची सिरिंज, कागदाला भोकं पाडायचं पंच, खायचा सोडा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, दोन काचेचे ग्लास.

१. एका ग्लासात पाणी घ्या. पाव लिटर पाण्याला खायच्या सोड्याची एक छोटी चिमूट, साधारण अर्धा ग्रॅम, पुरे. सोड्यातून पानाला कार्बन मिळतो. साबणाचा थेंब दुसऱ्या वाटीभर पाण्यात कालवा आणि त्यातले दोन-तीन थेंब इकडं टाका. फेस येऊ देऊ नका.

२. पंचनं पानाच्या दहा चकत्या पाडा. जाड शिरा टाळा.

३. सिरिंजचा दट्ट्या काढून चकत्या आत टाका, दट्ट्या हलकेच बसवा आणि पाच-सहा मिलिलिटर सोड्याचं पाणी ओढा. हवा बाहेर काढा. आता तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागं खेचा आणि दहा सेकंद धरून ठेवा. पानातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येताना दिसते. बोट काढा. दोन-तीनदा केलं की चकत्या तळाशी बसतात. बसल्या नाहीत तर साबणाचा अजून एक थेंब टाका.

४. चकत्या आणि पाणी ग्लासात ओता आणि ग्लास उन्हात ठेवा. मोबाइलमध्ये वेळ लावा.

थोड्याच मिनिटांत चकत्यांच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतील आणि एकेक चकती वर येईल. तो ऑक्सिजन आहे. दहातल्या पाच चकत्या वर यायला किती वेळ लागला, तो आकडा वहीत लिहा. वेळ जितका कमी, वेग तितका जास्त.

आता एका वेळी एकच गोष्ट बदला. एक ग्लास उन्हात, एक ओसरीच्या सावलीत. एकात सोडा, एकात साधं पाणी. साध्या पाण्यातल्या चकत्या बहुधा तळालाच राहतात, कारण ऊन आहे पण कार्बन नाही. एका ग्लासाभोवती हिरवा जिलेटिन कागद गुंडाळा, दुसऱ्याभोवती लाल. हिरव्याखाली वेग पडतो, कारण हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड जास्त खातं आणि हिरवा बराचसा परत पाठवतं. पान हिरवं दिसतं ते त्यामुळेच. एक ग्लास माठाच्या गार पाण्यात उभा करा, एक आंघोळीच्या कोमट पाण्यात आणि एक हात भाजेल इतक्या गरम पाण्यात. कोमट जिंकतं. गरम पाण्यातल्या चकत्या मलूल होऊन बसून राहतात. आणि शेवटी वर आलेल्या चकत्यांचा ग्लास अंधाऱ्या कोठीत ठेवून तास-दीड तासानं हलवून पाहा. काही चकत्या परत खाली गेलेल्या असतील, कारण पान उजेडाशिवायही श्वास घेतं आणि आपणच केलेला ऑक्सिजन वापरतं.

एक चूक मी स्वतः केली. उन्हातला ग्लास तापतो, म्हणजे उजेड आणि तापमान दोन्ही बदलतात आणि निकाल गोंधळतो. ग्लास पाण्यानं भरलेल्या परातीत उभा केला की हा घोळ टळतो.

तिसरी पायरी : आज कोणता बैल लंगडतोय, ते शोधा

बैलजोडीतला एक बैल लंगडा असला तर दुसऱ्याला कितीही ढेप चारा, बंडी लंगड्याच्याच चालीनं चालणार. १९०५ मध्ये ब्लॅकमन या शास्त्रज्ञानं प्रकाशसंश्लेषणाबद्दल नेमकं हेच मांडलं. ज्या क्षणी जी गोष्ट सर्वांत तोकडी, तीच त्या क्षणीचा वेग ठरवते. बाकीच्या वाढवून उपयोग नाही. सोयाबीनच्या वावरात त्या दिवशी लंगडा बैल होता मुळांजवळची हवा. पाणी तुंबलं की मातीतल्या फटींतली हवा संपते, मुळं गुदमरतात, पाणी आणि नत्र दोन्ही वर ओढेनाशी होतात. भोवती नत्र असला तरी तो पानाला पोचत नाही. अशा वेळी युरिया म्हणजे दुसऱ्या बैलाला ढेप.

ऊन. आपल्याकडे उन्हाची काय कमी, असं कोणीही म्हणेल. गंमत अशी की विदर्भातलं सर्वांत कडक ऊन एप्रिल-मेत पडतं, तेव्हा कोरडवाहू वावर रिकामं असतं. जूनच्या शेवटी दिवस साडेतेरा तासांच्या जवळ जातो, पण तोवर ढग येतात. पीक वाढायच्या ऐन दिवसांत, जुलै-ऑगस्टच्या झडीत, पान उजेडाला तरसतं. कपाशीच्या पात्या (कळ्या) आणि फुलं झडीत गळतात त्यात हेही एक कारण असतं. साखर कमी, खाणारी तोंडं जास्त, मग झाड काही तोंडं गाळून टाकतं. ऑक्टोबरात आभाळ निवळतं आणि काळ्या मातीत ओल अजून शिल्लक असते, म्हणून बोंडं भरायला तो महिना सोन्यासारखा.

एकट्या पानाला भर दुपारचं सगळं ऊन झेपतही नाही. कापूस, सोयाबीन, तूर यांचं पान पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत वेग वाढवतं, पुढं जवळपास थांबतं. पण वरचं पान तृप्त असताना खालची पानं सावलीत उपाशी असतात. म्हणून संपूर्ण झाडासाठी जास्त ऊन म्हणजे जास्त काम. दाट पेरून हिरवंगार जंगल केलं की पाहणाऱ्याला बरं वाटतं, पण आतल्या खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती पिवळी होऊन गळतात. कपाशीत प्रत्येक बोंडाला मुख्य खुराक त्याच्या शेजारच्याच पानाकडून येतो. ते पान गेलं की बोंड लहान राहतं. तुरीचं पीक पहिले दीड-दोन महिने हळू वाढतं. तेवढ्या काळात मधल्या ओळींतलं सोयाबीन किंवा मूग ते ऊन वापरून घेतं. आपल्या म्हाताऱ्यांनी ही वाटणी ब्लॅकमन न वाचता बसवली होती.

पानावर बसलेली धूळही ऊन अडवते. वणी-घुग्गुसच्या कोळसा पट्ट्यात रस्त्याकाठच्या पऱ्हाटीची पानं काळी दिसतात, त्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. संत्र्यावर काळी माशी आली की तिच्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी वाढते. तिला आपण कोळशी म्हणतो. कोळशी पानाच्या आत शिरत नाही, फक्त वरून चादर घालते, तरी बाग खंगते. का, ते आता कळलं असेल. तिथं बुरशीपेक्षा माशीचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

पाणी. झाड जेवढं पाणी ओढतं त्यातलं शंभरातलं एक लिटरही साखरेत जात नाही. बाकी सगळं पानाच्या छिद्रांतून वाफ होऊन जातं. मग झाड ही उधळपट्टी का करतं? कारण कार्बन डायऑक्साइड आत यायला तेच दार आहे. दार उघडं ठेवलं तर पाणी जातं, बंद केलं तर कार्बन येत नाही. कोरडवाहू शेतीची सगळी गोष्ट या एका दारात आहे. ऑगस्टात वीस दिवसांचा खंड पडला की पीक मरत नाही, पण दारं लावून बसतं, आणि तेवढे दिवस उन्हात फुकट जातात. एक किलो वाळला माल करायला कपाशी-सोयाबीनला पाचशे लिटरच्या पुढं पाणी लागतं, ज्वारीला तीनशेच्या आसपास.

ज्वारीला कमी का, याचं उत्तर तापमानात आहे.

तापमान. मघाशी ज्याचं नाव घेतलं ते रुबिस्को कामसू आहे पण जरा भोळं. कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडतं, आणि मग केलेलं काम मोडून परत जोडावं लागतं. याला प्रकाशश्वसन म्हणतात. साध्या तापमानालाही कमाईचा पाव भाग त्यात जातो, आणि उष्णता वाढली की नुकसान वाढतं. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, गहू, धान, संत्रा, सगळे या गटातले, सी-३. यांची चाल साधारण २० ते ३० अंशांत चांगली असते. कापूस त्यातल्या त्यात थोडी जास्त उष्णता सोसतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या सी-४ गटानं युक्ती केली आहे. ही पिकं कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून रुबिस्कोच्या तोंडाशी नेऊन देतात, त्यामुळे त्याची चूक फारशी होत नाही. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसात हा मार्ग दाखवला. ही पिकं ३०-४० अंशांतही जोमानं चालतात आणि दार थोडंसंच उघडून भागवतात, म्हणून पाणी कमी लागतं.

वाईट बातमी अशी की हराळी आणि लव्हाळाही सी-४ आहेत. उमस, ऊन आणि ओल अशा दिवसांत सोयाबीन चालतं आणि हराळी धावते. पेरणीपासून पहिला महिना-दीड महिना डवरणी (ओळींमधली कोळपणी) आणि निंदण चुकवू नका असं सांगतात त्यामागं हे गणित आहे. एकदा तण डोक्यावर गेलं की ऊन त्याचं आणि सावली तुमच्या पिकाची.

गव्हाचं उलटं. तो थंडीचा माणूस. पेरा डिसेंबरात लांबला की दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं आणि दाणा चिपाड होतो.

कार्बन डायऑक्साइड. हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम चार भाग. १९५८ साली तीनच्या थोडा वर होता. सी-३ पिकांना ही वाढ नुसती पाहिली तर फायद्याची, पण तिच्यासोबत उष्णताही येते. उघड्या वावरात हा बैल आपल्या हातात नाही. पुढं चला.

चौथी पायरी : एक दिवस वावरात काढा, तीन फेऱ्या मारा

ऑगस्टातला, सात-आठ दिवस पाऊस नसलेला, निरभ्र दिवस निवडा. वही घ्या.

सकाळी नऊच्या सुमारास पऱ्हाटीकडं पाहा. तिची पानं सूर्याकडं तोंड करून असतात, आणि तो सरकला की तीही सरकतात. पान दोन बोटांत धरा, गार लागेल. दारं उघडी आहेत, वाफ होतेय, म्हणून गार. दिवसातली सर्वांत चांगली कमाई आत्ता चालू आहे.

दुपारी दीडला तेच झाड. पान गार असेल तर ओल पुरेशी आहे. हवेपेक्षा गरम लागलं तर दारं बंद झालीत. सोयाबीनकडं वळा. त्याला ताण पडला की ते पानं उलटी करून फिकट बाजू दाखवतं, लांबून वावर पांढुरकं दिसतं. तूर आपल्या पानांच्या कडा उन्हाकडं करून उभी राहते. ही झाडं मेलेली नाहीत, आजारीही नाहीत. ती नको असलेलं ऊन टाळत आहेत.

संध्याकाळी पाचला तिसरी फेरी. पानं पुन्हा सरळ झाली तर दुपारचा विसावा होता, काळजी नाही. सकाळी उठूनही पानं मलूलच असतील तर ओलिताची सोय असलेल्यांनी त्याच दिवशी पाणी द्यावं. दुपारी मलूल दिसलं म्हणून लगेच मोटार चालू करणारे माझ्या ओळखीत खूप आहेत. काळ्या मातीत त्यांनीच नंतर चर काढले.

पाचवी पायरी : पिवळेपणा कुठून सुरू झाला, ते पाहा

हरितद्रव्याच्या कणाच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, भोवती नत्र. लोह त्यात नसतं, पण ते घडवायला लागतं. सी-३ पिकांच्या पानातल्या नत्राचा मोठा भाग एकट्या रुबिस्कोत गुंतलेला असतो. म्हणून या तिघांपैकी काहीही तुटलं की कारखाना मंदावतो. कोण तुटलं, ते पिवळेपणाची जागा सांगते.

नत्र आणि मॅग्नेशियम झाडात इकडून तिकडं नेता येतात. टंचाई आली की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं. म्हणून खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. सगळं पान सारखं फिकट असेल तर नत्र, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. लोह हलत नाही, म्हणून त्याच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसतं. जमिनीत लोह असतं, पण मुळाला मिळत नाही. तिथं अर्धा टक्का फेरस सल्फेट, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम, आणि त्याच्या निम्मा चुना मिसळून फवारतात.

पऱ्हाटीचा लाल्या मात्र नव्या शेतकऱ्याला चकवतो. बोंडं लागलेली, ऑक्टोबरच्या रात्री थंड व्हायला लागलेल्या, आणि पानं लाल. कारणं गुंतलेली असतात : मॅग्नेशियमची आणि नत्राची कमतरता, रात्रीचा गारवा, जमिनीतली ओल हटलेली. नेहमीची शिफारस आहे एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे दहा लिटरला १०० ग्रॅम, आणि दोन टक्के युरिया किंवा डीएपी, म्हणजे दहा लिटरला २०० ग्रॅम. हो, इथं युरिया चालतो, कारण इथं तोच लंगडा बैल असू शकतो. पण त्याआधी पान उलटून पाहा. कडा खाली वळलेल्या, लाली कडेपासून आत येणारी आणि खाली हिरवट तुडतुडे तिरपे पळताना दिसले, तर तो लाल्या नाही. रस शोषून गेलाय. फवारणी वेगळी लागेल.

फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करा. दुपारच्या उन्हात थेंब सुकून क्षार पानावर राहतात आणि पान करपतं.

पाणी तुंबून आलेला पिवळेपणा सखल भागात असतो आणि वरच्या भागात नसतो. ही खूण एवढी सोपी आहे की लोक ती पाहत नाहीत. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर ही वेळच कमी येते. झडीचं पाणी सरीतून निघतं आणि खंडात तीच सरी ओल धरते. यंदा भाच्यानं अर्धं वावर तसं पेरलंय, अर्धं नेहमीसारखं.

सहावी पायरी : आता चकत्या तुमच्या पिकाच्या पाडा

पालकावर हात बसला की हेच सोयाबीनच्या पानावर करा. सखल भागातल्या पिवळ्या पानाच्या दहा चकत्या आणि वरच्या भागातल्या हिरव्या पानाच्या दहा, दोन ग्लासांत, एकाच परातीत, एकाच उन्हात. पऱ्हाटीच्या पानावर लव असते, तिच्यात हवा अडकते, सिरिंजला जास्त वेळा ओढावं लागतं. चिकाटी नसेल तर सोयाबीनच बरं. झडीनंतर पंधरा दिवसांनी त्याच जागेच्या नव्या पानावर पुन्हा करून वहीतल्या आधीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा.

भाच्याची वही आता निम्मी भरलीय. परवा तो संत्र्याच्या बागेत उभा राहून विचारत होता, "मावशी, सगळं पाणी-पाणी करता अन् डिसेंबरात या झाडायले उपाशी ठेवता, ते कसं?"

आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आपण डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो. पाणी कमी झालं की झाडाची वाढ आधी थांबते, नवी पालवी बंद होते. पण पानांचं साखर करणं लगेच थांबत नाही, ते मागून मंदावतं. मधल्या दिवसांत कमावलेली साखर खर्चायला कोणी नसतं, ती फांद्यांत साठते, आणि पाणी मिळालं की तिच्यातून फुलं निघतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. पानं थोडी मलूल होऊन फिकट पडली आणि थोडी गळ दिसली की समजायचं. फार गळ झाली तर पानंही गेली आणि साखरही.

मी त्याला म्हटलं, मोज. आता तो रोज सकाळी ठरलेल्या चार झाडांखालची गळलेली पानं मोजतो. काल एकोणीस होती.